हॅक झालेली वेबसाइट बॅकअपवरून परत उभी करताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतले दुकानदार, क्लासवाले, दवाखाने, सोसायट्या आणि एमआयडीसीतले लहान कारखाने यांच्या साइट आम्ही सांभाळतो. साइट हॅक झाली की फोनवर जे विचारलं जातं तेच इथे घेतलं आहे. उत्तरं मात्र फोनवरच्यापेक्षा सविस्तर आहेत. आपल्याकडच्या बहुतेक साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असतात, म्हणून उदाहरणं तिथली. जूमला हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर असो की पीएचपी या भाषेत हाताने लिहिलेला कोड, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

माझ्या मोबाइलवर साइट बरोबर दिसते. मग गिऱ्हाईक ‘भलतंच उघडतं’ असं का म्हणतं?

दोघंही खरं बोलताय. चोराने साइटमध्ये पेरलेला कोड समोर कोण आलंय ते बघून वागतो. पत्ता टाइप करून येणाऱ्याला आणि लॉगिन केलेल्या मालकाला तो मूळ पान दाखवतो. गूगलवरून, तेही मोबाइलवरून येणाऱ्याला मात्र जुगाराच्या किंवा औषधांच्या साइटवर नेऊन सोडतो. कधी फक्त गूगलच्या रोबोटला हजारो जपानी पानं दाखवली जातात. मालकाला त्याचा पत्ताच नसतो. हल्ली आणखी एक प्रकार दिसतो. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि विंडोज व आर ही बटणं दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगतं. ते केलं तर गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरतो.

तपासायचं असेल तर गूगलमध्ये इंग्रजीत ‘site’ हा शब्द, कोलन (:) आणि आपलं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, लिहून शोधा. पितळी व्हॉल्व बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाखाली ब्रँडेड बुटांची पानं दिसली तर पुढे वाचा.

कळल्यावर पहिल्या तासात काय करायचं?

सगळ्यात आधी, काहीही डिलीट करू नका. संशयास्पद फाइल दिसली की हात शिवशिवतात, पण चोर कुठून आला हे सांगणारा पुरावा तीच फाइल असते.

होस्टिंगच्या पॅनेलमधून साइट तात्पुरती बंद करा. ‘पान सापडलं नाही’ हा ४०४ नको, ‘थोड्या वेळाने या’ सांगणारा ५०३ हा संकेत द्या, म्हणजे गूगल पानं काढून टाकायची घाई करत नाही. मग आहे त्या अवस्थेतली पूर्ण प्रत घ्या, फाइली, डेटाबेस (साइटचा मजकूर आणि नोंदींचा साठा) आणि लॉग (सर्व्हरवरच्या भेटींची नोंद) तिन्ही. तिला ‘हॅक झालेली, रिस्टोअर करू नये’ असं ठळक नाव द्या. पुढच्या वर्षी कुणीतरी तीच प्रत चढवेल, ही भीती खरी आहे.

पैसे घेणारी साइट असेल तर पेमेंट गेटवेच्या चाव्या लगेच रद्द करा. साइटवरचा यूपीआय क्यूआर आणि बँकेचा तपशील आपलाच आहे ना, हेही बघा. क्यूआरचं चित्र बदललं तर साइट जशीच्या तशी दिसते, पैसे मात्र दुसरीकडे जातात.

कालचा बॅकअप आहे. एका क्लिकवर रिस्टोअर केलं की झालं ना?

नाही. दहातल्या आठ फोनांत हाच प्रश्न येतो, म्हणून याचं उत्तर मोठं आहे.

पहिली अडचण तारखेची. तुम्हाला हॅक काल दिसला म्हणून तो काल झाला असं नाही. घुसणारा आधी मागचं दार करून ठेवतो. त्यालाच बॅकडोअर म्हणतात. मग तो आठवडे, कधी महिनेही गप्प बसतो आणि ते दार विकत घेणारा कुणी मिळाला की वापरायला काढतो. मधल्या काळात रोज रात्री निघालेल्या बॅकअपमध्ये ते दार इमानेइतबारे जपलं गेलेलं असतं.

दुसरी अडचण रिस्टोअर कसं चालतं याची. बहुतेक साधनं जुन्या फाइली आहेत त्या जागेवर पुन्हा लिहितात. बॅकअपमध्ये ज्या नव्हत्याच, म्हणजे चोराने नव्याने टाकलेल्या फाइली, त्यांना हात लागत नाही. साइट चकाचक दिसते आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होतं. मग होस्टिंगवाल्याला शिव्या पडतात.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. ज्या जुन्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या जादा सोयीच्या सॉफ्टवेअरमधून) किंवा फुटलेल्या पासवर्डमधून तो आला, ती फटही बॅकअपबरोबर परत येते. ओल आलेल्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग न करता रंग दिला की पुढच्या जुलैत काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

म्हणून रिस्टोअर करायचंच, पण चोर शिरण्याच्या आधीची प्रत, रिकाम्या जागेत, आणि फट बुजवूनच लोकांसमोर आणायची.

चोर कधी शिरला हे शोधायचं कसं?

सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमधून. प्रत्येक भेटीची वेळ, आयपी पत्ता आणि मागितलेली फाइल तिथे नोंदलेली असते. संशयास्पद फाइलचं नाव घ्या आणि तिला पहिल्यांदा कुणी हाक मारली ते शोधा. वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. तिथल्या पीएचपी फाइलला ‘पोस्ट’ प्रकारची, म्हणजे माहिती पाठवणारी, मागणी गेलेली दिसली, तर धागा सापडला. तो आयपी धरून मागे जा. त्याच पत्त्याने पाच मिनिटं आधी ज्या प्लगइनचं दार ठोठावलं होतं, तीच बहुधा फट.

फाइलवरच्या ‘शेवटचा बदल’ या तारखेवर विसंबू नका. ती हवी तशी मागे नेता येते आणि चोर ती नेतातच.

लॉग थोडेच दिवसांचे मिळाले तर वेगवेगळ्या तारखांचे चार-पाच बॅकअप आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि विनमर्जसारख्या फुकट साधनाने फोल्डर ताडून बघा. १० तारखेच्या प्रतीत नसलेली फाइल १७ च्या प्रतीत आली, तर तो त्या आठवड्यात आला असं धरता येतं. मग १० च्या मागची प्रत निवडा, अगदी काठावरची नको. पुढच्या वेळेसाठी सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमधल्या ‘रॉ ॲक्सेस’मध्ये जाऊन लॉग साठवायची खूण करून ठेवा. फुकट आहे, तरी फारसं कुणी करत नाही.

एवढा जुना बॅकअप घेतला तर मधल्या ऑर्डरी आणि प्रवेश अर्ज जातील ना?

जातील, म्हणून रिस्टोअर करण्याआधी ते बाहेर काढा. ऑर्डरी, फॉर्ममधून आलेली माहिती, नवे लेख असा मजकूर हॅक झालेल्या प्रतीतून सीएसव्हीमध्ये काढता येतो. एक्सेलमध्ये उघडून डोळ्यांखालून घाला, मगच नव्या साइटमध्ये भरा. अख्खा डेटाबेस मात्र उचलून आणू नका.

क्लासच्या साइटवर जूनमध्ये प्रवेश चालू असतील तर हे काम आधी. कारखान्याच्या साइटवर महिन्यात दोन चौकश्या येत असतील तर त्या मेलमध्ये आहेतच, वेळ घालवू नका.

बॅकअप कुठे उतरवायचा?

जमलं तर नव्या, कोऱ्या होस्टिंग खात्यात. तेच खातं वापरायचं असेल तर आधी साइटचं फोल्डर पूर्ण रिकामं करा, लपलेल्या फाइलींसकट. डॉट एचटीॲक्सेस आणि डॉट युजर आयएनआय या फाइली नजरेआड राहतात, आणि चोराचा कोड प्रत्येक पानाआधी चालवायची सोय तिथेच लावलेली असते. खात्यातल्या क्रॉन जॉबची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादीही बघा. दर दहा मिनिटांनी पुसलेली फाइल परत आणणारी एक ओळ तिथे सापडली, तर ‘साफ केलं तरी परत येतंय’ याचा उलगडा होतो.

सर्व्हर तुमचा स्वतःचा असेल आणि चोराच्या हातात रूट, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे हक्क, गेलं असण्याची शक्यता असेल, तर तो सर्व्हर पुसून नवा उभा करा. डागडुजी करत बसू नका.

रिस्टोअरचा क्रम काय ठेवावा?

बॅकअपमधलं सगळं जसंच्या तसं चढवू नका. वर्डप्रेसचा गाभा, प्लगइन आणि थीम बॅकअपमधून घ्यायचीच गरज नसते. हे मूळ ठिकाणाहून ताजं उतरवा. बॅकअपमधून फक्त दोन गोष्टी घ्यायच्या, डेटाबेस आणि अपलोड्स फोल्डर. त्या फोल्डरमधल्या पीएचपी फाइली आधी काढा. डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसच्या सेटिंगची फाइल नव्याने लिहा, जुनी कॉपी करू नका.

ताजं उतरवताना प्लगइनची यादी कात्री लावून छोटी करा. दोन वर्षं अपडेट न आलेला प्लगइन गाळा. वर्डप्रेसच्या भांडारातून काढून टाकलेला असेल तर नक्कीच. आणि शे-दोनशे रुपयांत कुणीतरी टेलिग्रामवरून दिलेली ‘प्रीमियम’ थीम असेल, तर तुम्ही शोधत असलेला चोर बहुधा तिच्याच खिशात होता. तिचा मूळ परवाना विकत घ्या, नाहीतर दुसरी थीम निवडा.

पीएचपीची आवृत्ती इथेच आडवी येते. जुनी साइट नव्या पीएचपीवर उघडली की पांढरं पान दिसतं, आणि लोक वैतागून पीएचपी ७.४ वर परत जातात. त्या आवृत्तीला २८ नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. पांढऱ्या पानाला कारणीभूत असलेला प्लगइन बदला, पीएचपी खाली आणू नका.

हे सगळं साइट बंद असताना किंवा पासवर्ड लावलेल्या तात्पुरत्या पत्त्यावर करायचं. शेवटी होस्टिंगचा आणि क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेचा कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामा करा, नाहीतर स्वच्छ साइटवर जुनंच घाणेरडं पान दिसत राहतं आणि विनाकारण पुन्हा धावपळ होते.

डेटाबेसमध्येही काही लपलेलं असतं का?

हो. आधी युजर्सचं टेबल बघा. ॲडमिन हक्क असलेलं अनोळखी नाव दिसतं का? हे थेट टेबलात तपासा, कारण डॅशबोर्डच्या यादीतून स्वतःला लपवणारे कोड आहेत. मग लेखांच्या मजकुरात स्क्रिप्ट आणि आयफ्रेम हे शब्द शोधा. ऑप्शन्स टेबलात साइटचा पत्ता आपलाच आहे ना ते बघा. विजेट आणि हेडर-फूटरमध्ये कोड टाकायचे प्लगइन या चोरांच्या आवडत्या जागा.

पासवर्ड कोणकोणते बदलायचे?

सगळे. पण त्याआधी ज्या कॉम्प्युटरवरून ते बदलणार तो तपासा. पासवर्ड चोरणारा व्हायरस ऑफिसच्याच मशीनमध्ये असेल, तर नवा पासवर्डही पाच मिनिटांत त्याच्याकडे जातो. ब्राउझरमध्ये आणि एफटीपीच्या, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायच्या, सॉफ्टवेअरमध्ये साठवलेले पासवर्ड हा व्हायरस पहिले उचलतो.

होस्टिंग, डोमेन, एफटीपी, डेटाबेस, वर्डप्रेसचे सगळे ॲडमिन आणि या सर्वांना जोडलेलं ईमेल. ईमेल विसरलात तर बाकीचं व्यर्थ, कारण ‘पासवर्ड विसरलो’चा दुवा तिथेच येतो. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या आठ गुप्त ओळी नव्या केल्या की आत लॉगिन करून बसलेले सगळे बाहेर फेकले जातात. एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. डिसेंबर २०२० मध्ये वर्डप्रेस ५.६ मध्ये ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ आले. नेहमीचा पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतात. युजरच्या प्रोफाइलमध्ये खाली जाऊन ते वेगळे रद्द करावे लागतात.

आणि सगळीकडे दोन टप्प्यांचं लॉगिन. इथे चर्चा नाही.

बॅकअपच नसेल तर?

होस्टिंग कंपनीला लगेच फोन करा. त्यांच्याकडे काही दिवसांच्या प्रती असतात, आणि रोज नवी आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. म्हणून वेळ महत्त्वाचा. तेही नसेल तर हॅक झालेल्या प्रतीतूनच डेटाबेस आणि फोटो धुऊन घ्यावे लागतात. मजकूर हरवला असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी पानं मिळू शकतात. दहा पानांची साइट असेल तर सरळ नवी करा. तिला वाचवायला जास्त पैसे जातील.

आमचा सर्व्हर महापेच्याच डेटा सेंटरमध्ये आहे. ते बॅकअप घेतात, मग काळजी कशाला?

ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत हे खरं, पण सर्व्हर घराजवळ असल्याने तो अधिक सुरक्षित होत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, अशा काही ग्राहकांचं मूळ आणि प्रत दोन्ही गेलं. आपल्याला आगीचीही गरज नाही. बॅकअप त्याच होस्टिंग खात्यात असेल तर खातं हाती लागलेला चोर तोही पुसू शकतो. साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये झिप फाइल पडलेली असेल तर कुणीही ती उतरवून डेटाबेसचा पासवर्ड वाचू शकतं.

एकाच होस्टिंगमध्ये आमच्या चार साइट आहेत. एकच हॅक झाली आहे.

चारही हॅक झाल्या आहेत असं धरून चाला. एका साइटचा कोड शेजारच्या फोल्डरमध्ये लिहू शकतो. मुलाच्या लग्नासाठी तीन वर्षांपूर्वी केलेली आणि नंतर विसरलेली साइट हीच पुष्कळदा खरी वाट असते. चारही एकाच वेळी साफ करा आणि पुढे वेगवेगळ्या खात्यांत ठेवा.

सिक्युरिटी प्लगइन टाकला तर पुरे ना?

टाका, पण भरवसा ठेवू नका. तो साइटच्या आतच राहतो, त्यामुळे आत शिरलेला चोर त्याला गप्प करू शकतो. त्यापेक्षा तीन साध्या गोष्टी जास्त उपयोगी: अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी चालू न देणं, डॅशबोर्डमधून फाइली संपादित करायची सोय बंद करणं, आणि प्लगइनचे अपडेट आपोआप होऊ देणं. ही शेवटची सोय २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ पासून आहे. ‘अपडेटने साइट मोडेल’ ही भीती मान्य, पण मोडलेली साइट तासाभरात दुरुस्त होते.

आमचं तर गोखले रोडवरचं साधं दुकान. आमच्यात कुणाला रस?

तुमच्यात कुणालाच नाही. रोबोट फट शोधत फिरतात, त्यांना दुकानाचं नावही माहीत नसतं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या वर्डप्रेस प्लगइनमध्ये मोठी फट सापडली. तेव्हा तो ७ लाखांहून जास्त साइटवर होता. लॉगिनशिवाय फाइल चढवता येत होती. दुरुस्ती ६.९ या आवृत्तीत लगेच आली, पण अपडेट न करणारे सापडतच राहिले. चोराला हवा असतो तुमचा सर्व्हर, मेल पाठवायला आणि गूगलमधली तुमची पत वापरायला.

गूगलचा लाल इशारा कधी जाईल?

सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सोयीत ‘सुरक्षा समस्या’ या पानावर जाऊन पुनर्तपासणी मागा, पण खरोखर साफ झाल्यावरच. काय सापडलं, काय काढलं, फट कशी बुजवली हे दोन-चार ओळींत लिहा. फिशिंगसाठी साधारण दिवसभर, मालवेअरसाठी काही दिवस आणि स्पॅमने भरलेल्या साइटसाठी काही आठवडे लागू शकतात. त्याच कन्सोलमध्ये मालकांची यादीही तपासा. चोर पडताळणीची फाइल टाकून स्वतःला मालक करून घेतो आणि स्वतःचा साइटमॅपही (गूगलला द्यायची पानांची यादी) जोडतो. दोन्ही काढा.

पोलिसांत जायचं का?

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांचं सायबर पोलीस ठाणं आहे. ऐरोली, वाशी, पनवेल नवी मुंबईकडे, तर कळवा, डोंबिवली, कल्याण ठाण्याकडे. घोडबंदर रोड धरून मीरा रोडला पोचलात तर ते तिसरं आयुक्तालय. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा वरचा अधिकारी करतो. पहिल्या तासात घेतलेली ती प्रत आणि लॉग बरोबर न्या.

कंपनी असाल तर आणखी एक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेबसाइटमधली घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. लहान-मध्यम उद्योगांनाही हे त्याच वर्षी २५ सप्टेंबरपासून लागू आहे. वागळे इस्टेटमधल्या अनेकांना हे आमच्याकडूनच पहिल्यांदा कळतं.

साइट बनवणारा मुलगा फोनच उचलत नाही. डोमेन त्याच्याच नावावर आहे.

मग रिस्टोअरपेक्षा हे मोठं दुखणं आहे. बिलं, पैसे भरल्याचे पुरावे आणि जुने मेल जमवा आणि ज्यांच्याकडे डोमेन नोंदवलं त्या कंपनीशी लेखी बोला. तो सापडलाच तर भांडू नका, आधी डोमेन आपल्या ईमेलवर घ्या. राग नंतर काढा.

यापुढे बॅकअप कसा ठेवावा?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ चा नियम पुरे आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आपल्या भाषेत, एक चालू साइट, एक होस्टिंगबाहेरच्या क्लाउडवर, एक ऑफिसमधल्या हार्ड डिस्कवर, जी काम झालं की काढून ठेवायची. ऑफिस तळमजल्यावरच्या गाळ्यात असेल तर वरच्या कप्प्यात. २६ जुलै २००५ पाहिलेल्यांना कारण सांगावं लागत नाही. रोजच्या प्रती महिनाभर आणि महिन्याच्या प्रती वर्षभर ठेवा, कारण उशिरा कळलेल्या हॅकला जुनीच प्रत लागते. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप कुठेतरी उघडून बघा. न उघडलेली झिप फाइल अर्धवट निघाली, असं ऐन वेळी कळणं फार महाग पडतं.

हे स्वतः करता येईल की माणूस लावावा?

सीपॅनेल उघडायची सवय असेल आणि साइट पैसे घेत नसेल, तर एका रविवारी जमेल. ग्राहकांची माहिती किंवा पेमेंट असेल तर माणूस लावा. ‘दोन तासांत साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला एकच विचारा, शिरला कुठून हे सांगाल का? ‘ते कळत नसतं’ असं उत्तर आलं तर दुसरा बघा. कामाच्या कागदावर फट कोणती होती, कोणत्या तारखेचा बॅकअप घेतला आणि कोणते पासवर्ड बदलले हे लिहून घ्या. महिन्याभरात पुन्हा तेच झालं तर फुकट दुरुस्ती, हेही त्याच कागदावर.